रिव्हॉल्वरला पॉलिगोनल नळी बसवून नेम सुधारतो का?

मध्यबिंदू

माझा रिव्हॉल्वर सहाबारी, स्टेनलेस, ६ इंची नळी, .३५७ मॅग्नम. मारा जवळजवळ सगळा कागदी लक्ष्यावर, २५ आणि ५० यार्डांवरून. काडतूस .३८ स्पेशल, १४८ ग्रेनची पोकळ बुडाची वॉडकटर (सपाट तोंडाची) गोळी, उघड्या शिशाची. नळीत पाच खाचा, १८.७५ इंचांत एक उजवा पीळ. वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ यार्डांवर सहा गोळ्यांचा गट (भोकांचा पसारा) अडीच इंचांच्या आसपास पडतो. पाच जवळजवळ आणि एक बाहेर, असे वारंवार होते.

मुक्काम अमेरिकेत आहे, त्यामुळे नळी बदलण्यात कायद्याची अडचण नाही. गनस्मिथचे म्हणणे असे की पॉलिगोनल (खाचांऐवजी गोल कोपऱ्यांच्या बहुकोनी भोकाची) नळी बसवली तर गट निम्म्यावर येईल, वेग वाढेल आणि सफाईही सोपी होईल. नळी आणि जोडणी मिळून खर्च बराच आहे. तेव्हा जाणकारांना विचारतो:

१) पॉलिगोनल आणि नेहमीची खाचांची नळी यांत रिव्हॉल्वरच्या नेमापुरता खरोखर किती फरक पडतो?
२) पॉलिगोनलमध्ये शिशाच्या गोळ्या चालतील का?
३) पैसे घालण्याआधी आहे त्या हत्यारात काय काय मोजून घ्यावे?

टूलरूम

पाच जवळ आणि एक बाहेर, यातच बरेचसे उत्तर आहे. नळी सहाही गोळ्यांना एकच असते, चेंबर (फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या जागा) मात्र सहा असतात. नळीच खराब असेल तर गट सगळ्या बाजूंनी फुगतो. एकच गोळी पुन्हा पुन्हा बाहेर जात असेल तर आधी सिलिंडरवर संशय घ्यावा. मार्करने चेंबरना १ ते ६ आकडे घाला आणि प्रत्येक चेंबरमधून पाच गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. ३० काडतुसांत कळेल की बाहेर जाणारी गोळी दर वेळी त्याच चेंबरची आहे की नाही. हे केल्याशिवाय नळीवर एक डॉलरही घालू नका.

आता रायफलिंगबद्दल, म्हणजे नळीत गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या आकाराबद्दल. नेहमीच्या नळीत खाचा आणि त्यांच्यामधले कंगोरे असतात. कंगोऱ्याची उंची साधारण ४ थाऊ, म्हणजे इंचाचे ४ हजारांश. कंगोऱ्याला कडा असतात, त्या गोळीत रुततात आणि तिला फिरवतात. पॉलिगोनल नळीत कडा नसतात. भोक सहा किंवा आठ बाजूंचे असते, कोपरे गोलावलेले असतात आणि तोच आकार पिळत पुढे जातो. ग्लॉकमध्ये ९ मिमीला सहा बाजू आहेत आणि .४५ला आठ. हेक्लर अँड कॉखच्या पी७ आणि यूएसपीलाही पॉलिगोनल नळी आहे.

तिचे मुख्य भांडवल म्हणजे वायू कोंडून धरणे. खाचेच्या कोपऱ्यातून थोडा वायू गोळीला मागे टाकून पुढे निसटतो, गोल कोपऱ्यात त्याला जागा कमी मिळते. पिस्तुलात हे पटते, कारण तिथे चेंबर आणि नळी एकाच तुकड्यात असतात. रिव्हॉल्वरमध्ये गोळीचे बूड नळीत शिरताच सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू बाहेर पडू लागतो. फट ४ थाऊ आहे की ९ थाऊ, याने वेगात जो फरक पडतो त्यापुढे रायफलिंगच्या आकाराने वाचणारा वायू किरकोळ आहे. शिवाय सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास जाणाऱ्या वॉडकटरला १५-२० फूट वेग जास्त मिळाला तरी कागदावर त्याचा उपयोग काय? गुण एकसारखेपणाला मिळतात.

मोजायचे ते या क्रमाने मोजा. हत्यार रिकामे आहे हे दोनदा पाहूनच हात लावा.

फट आणि सिलिंडरची पुढे-मागे हालचाल: फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घ्या. सिलिंडर मागे दाबून फट मोजा, मग पुढे दाबून मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे हालचाल, ती २ थाऊंच्या आत हवी. फट ४ ते ६ थाऊ असेल तर उत्तम. ३च्या खाली गेली तर काजळी धरून सिलिंडर अडकू लागतो, १०च्या वर गेली तर बाजूने शिसे आणि जळकी दारू उडते. फट सहाही चेंबरसमोर मोजा. ती कमी-जास्त भरली तर सिलिंडरचे तोंड अक्षाला काटकोनात नाही.

टायमिंग: सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका रोध ठेवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आधी सिलिंडर-स्टॉप (सिलिंडर जागेवर अडवणारी खिट्टी) खाचेत टक् करून बसलाच पाहिजे. सहाही चेंबरना करून पाहा. एखाद्यालाच उशीर होत असेल तर त्या चेंबरचा रॅचेटचा (सिलिंडर फिरवणाऱ्या दातेरी भागाचा) दात झिजलेला असतो.

सरळ रेष: .३५७ची रेंज रॉड (सरळ रेष तपासायची सळई) नळीच्या तोंडातून आत सोडा. घोडा पडलेला आणि चाप मागे धरलेला असावा. रॉड अलगद चेंबरमध्ये गेली पाहिजे. चेंबरच्या काठावर अडली तर ते चेंबर आणि नळी एका रेषेत नाहीत, मग नळी कुठलीही बसवा.

थ्रोट: चेंबरच्या पुढच्या टोकाचा, गोळी जिथून बाहेर पडते तो अरुंद भाग. तो पिन गेजनेच (नेमक्या जाडीच्या मापाच्या पिनांनी) मोजा. व्हर्निअरचे जबडे सपाट असतात, गोल भोकात ते नेहमी कमी दाखवतात. .३५८ची शिशाची गोळी मारायची तर थ्रोट .३५८० ते .३५८५ हवेत, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सहाही सारखे हवेत.

शेवटी नळीचा साचा घेणे. ते नीट करण्यासारखे आहे म्हणून सविस्तर लिहितो. भोकाला तेलाचा पातळ हात द्या. शुद्ध शिशाची, नळीहून थोडी मोठी गोळी तोंडावर ठेवून नायलॉनच्या हातोडीने आत बसवा आणि पितळी रॉडने पुढे ढकला. कान आणि हात दोन्ही लावून ठेवा. चार-साडेचार इंच ती एकसारख्या जोराने सरकते आणि नळी जिथे चौकटीत आट्यांनी बसवली आहे तिथे एकदम जड झाली, तर तिथे नळी आवळलेली आहे. नळी फार कसून बसवली की असे होते. किती आवळली आहे हे मोजायला दोन गोळ्या लागतात. एक पूर्ण पार काढायची. दुसरी आवळलेल्या जागेच्या अलीकडे थांबवून उलट तोंडाकडून बाहेर काढायची. सिलिंडर काढल्यावर चौकटीच्या खिडकीतून लांब रॉड सरळ जात नाही, म्हणून आखूड पितळी तुकडे एकामागून एक लावावे लागतात. दोन्ही गोळ्यांच्या मापात अर्ध्या थाऊहून जास्त फरक निघाला तर मुख्य गुन्हेगार सापडला म्हणून समजा.

एक अडचण पाच खाचांची. पाचात खाचेसमोर कंगोरा येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने खाचेचा व्यास थेट मिळत नाही, माप कमी येते. व्ही-अॅन्व्हिलचा मायक्रोमीटर लागेल. कॉल्टसारख्या सहा खाचांच्या नळीला साधा चालतो.

खाचा_कंगोरे

टूलरूम यांच्या क्रमाशी पूर्ण सहमत. पण पॉलिगोनलवर अन्याय होऊ नये म्हणून थोडे लिहितो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८५०च्या दशकात षटकोनी भोकाची .४५१ची रायफल केली, २० इंचांत एक पीळ. १८५७च्या चाचण्यांत तिने तेव्हाच्या एनफील्ड रायफलीला लांब पल्ल्यावर पार मागे टाकले. १८६०मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेत व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडली तीही व्हिटवर्थनेच, ४०० यार्डांवरून, रायफल यांत्रिक टेकूवर पक्की करून. ती फौजेत सरसकट आली नाही त्याचे एक मोठे कारण म्हणजे काळ्या दारूच्या काजळीने भोक भरले की गोळी तोंडातून भरणे कठीण व्हायचे. पुढे १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलीला विल्यम मेटफर्डचे उथळ, गोल कोपऱ्यांचे सात खाचांचे रायफलिंग होते. काळ्या दारूला ते उत्तम होते, पण कॉर्डाइट (धूररहित दारू) आल्यावर त्याच्या उष्णतेने उथळ कंगोरे भराभर खाऊन टाकले. म्हणून १८९५मध्ये खोल, चौकोनी पाच खाचांचे एनफील्ड रायफलिंग आले. म्हणजे उथळ आकार टिकतो की नाही हे पोलाद आणि दारू मिळून ठरवतात. आजच्या नळ्या थंड हातोडकामाने मॅन्ड्रेलवर ठोकून घडवतात, पोलादही वेगळे आहे, त्यामुळे ती जुनी तक्रार आता उरलेली नाही.

नेमाचे म्हणाल तर हेक्लर अँड कॉखची पीएसजी१ ही स्नायपर रायफल पॉलिगोनल आहे. दुसऱ्या बाजूला, गोळ्या एकमेकींच्या भोकात जाव्यात एवढ्या काटेकोर बेंचरेस्टच्या (रायफल बाकावर टेकवून मारायच्या) स्पर्धांत जवळजवळ सगळे खाचांच्याच नळ्या वापरतात, कापलेल्या किंवा बटण ओढून केलेल्या. दोन्ही आकारांत उत्तम नळी करता येते. भोक टोकापासून टोकापर्यंत एकसारखे आहे का, पीळ एकसारखा आहे का, तोंडाचा क्राउन (भोकाची शेवटची कड) स्वच्छ आहे का, हे आकारापेक्षा मोठे प्रश्न आहेत.

मग "पॉलिगोनल बसवली आणि गट निम्मा झाला" असे सांगणारे खोटे बोलतात का? नाही. गट खरोखर सुधारतो. पण नळी बदलताना एका दमात पाच गोष्टी बदललेल्या असतात: नवा क्राउन, नवा फोर्सिंग कोन (नळीच्या मागच्या तोंडाचा निमुळता भाग), नव्याने बसवलेली फट, चौकटीजवळचा आवळलेला भाग गेलेला आणि बहुतेक वेळा पीळही वेगळा. श्रेय मात्र सगळे षटकोनाला मिळते. तोच माणूस तेवढ्याच काळजीने खाचांची चांगली नळी बसवेल तर गट तेवढाच सुधारेल.

पिळाकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण तुम्ही ५० यार्डांवरही मारता. १८.७५ इंचांत एक हा स्मिथ अँड वेसनचा जुना पीळ, तर कॉल्ट पायथनचा १४ इंचांत एक, तोही डावा. वॉडकटर बोथट आणि मंद असते. २५ यार्डांपर्यंत सैल पीळ तिला पुरतो, पण पुढे ती डुलायला लागते. म्हणूनच पोलीस पिस्तूल स्पर्धेसाठी, जिथे ५० यार्डांचाही टप्पा असतो, रिव्हॉल्वर बांधणारे जाड नळ्या १४ इंचांत एक किंवा त्याहून घट्ट पिळाच्या घेत आले. वॉडकटर कागदात पंचिंगसारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे परीक्षा सोपी आहे. २५वर गोल आणि ५०वर किंचित लंबगोल भोक दिसले तर पीळ कमी पडतो आहे. नळी बदलायचीच झाली तर पिळासाठी बदला. आकार हा दुय्यम मुद्दा आहे.

शिसेवाला

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. उघड्या शिशाची गोळी पॉलिगोनलमध्ये मारू नये, हा सल्ला ग्लॉकच्या नळ्यांमुळे पसरला आणि तो निराधार नाही. उथळ, गोल कोपऱ्यांच्या भोकात मऊ शिसे घसरले की त्याचा थर बसतो. भोक अरुंद होते, पुढच्या गोळीला दाब वाढतो, आणखी शिसे खरवडले जाते. खाचांच्या नळीतही शिसे बसते, पण ते कंगोऱ्याच्या कडेला धरते आणि डोळ्यांना दिसते. पॉलिगोनलमध्ये थर सपाट आणि गुळगुळीत बसतो, भोक चकचकीतच दिसते आणि माणूस फसतो.

रिव्हॉल्वरमध्ये यात आणखी एक भर आहे. पिस्तुलात गोळी रायफलिंगला जवळजवळ टेकलेली असते. रिव्हॉल्वरमध्ये ती चेंबरमधून निघून, थ्रोट आणि फट ओलांडून, चांगला वेग घेऊनच रायफलिंगला भिडते. क्षणभर ती न फिरता सरळच पुढे घसरते आणि मग पीळ पकडते. वाळूत किंवा पाण्याच्या टाकीत अडवलेली शिशाची गोळी हातात घेऊन पाहा. कंगोऱ्याने केलेली खूण पुढच्या टोकाला रुंद आणि बुडाकडे अरुंद दिसते. ती जादा रुंदी म्हणजे गोळी घसरल्याची खूण. उंच कंगोरे ही घसरण लवकर थांबवतात. पॉलिगोनलमध्ये अशी स्वच्छ खूण उमटतच नाही, त्यामुळे गोळी किती घसरली हे वाचायचे साधनही हातातून जाते. मऊ, पोकळ बुडाची वॉडकटर ही नेमकी सगळ्यांत जास्त घसरणारी गोळी आहे. तिच्यासाठी पॉलिगोनल निवडणे मला चुकीचेच वाटते.

तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या मारणार असाल तर प्रश्नच नाही. पॉलिमरचा लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्याही बऱ्याच जणांच्या पॉलिगोनल नळीत नीट चालतात, अट एवढीच की माप बरोबर हवे आणि लेप पक्का भाजलेला हवा. लेप पक्का आहे का हे पाहायला गोळी ऐरणीवर ठोकून चपटी करा. लेप सोलून निघाला तर तो घाण नळीत नेऊन सोडेल.

कडक शिसे घेतले म्हणजे भागले, हाही गैरसमज काढून टाका. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५च्या आसपास, लिनोटाइपचा (छपाईच्या खिळ्यांच्या कडक मिश्रधातूचा) २२. ७०० फुटांच्या वॉडकटरला मऊ शिसेच बरे. कडक गोळी कमी दाबाला फुगत नाही, तिच्या बाजूने वायू निसटतो, तो शिसे वितळवतो आणि नळी उलट जास्त भरते. पहिल्यांदा माप, मग कडकपणा. पोकळ बुडाच्या गोळीमागे दारू मात्र वाढवू नका. दाब जास्त झाला की बुडाचा पातळ घेर फाटून नळीत राहतो आणि पुढची गोळी त्याच्यावर जाऊन आदळते.

सफाई: प्रत्येक ५० गोळ्यांनंतर फोर्सिंग कोनात टॉर्च मारून पाहा. शिसे दिसले तर जुन्या कांस्य ब्रशला तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून कोरडेच दहा-बारा फेरे मारा, शिसे चमचम करत पत्र्यांसारखे निघते. घासणी अस्सल तांब्याची आहे का हे चुंबक लावून तपासा. तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी घासणी नळीला ओरखडे पाडते.

सेंटरफायर_३२

भारतातल्या वाचकांसाठी थोडे. इथे .३८ आणि ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे प्रश्न .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचा येतो. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेतही हेच काडतूस, ९८-१०० ग्रेनची वॉडकटर घालून, सगळ्यांत जास्त चालते. नियमात ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंत परवानगी आहे, रिव्हॉल्वरही चालतो, चापाचे वजन किमान १००० ग्रॅम. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिमीचे असते. रिव्हॉल्वरने टेकवून २५ मीटरवर ४० मिमीत गट दिला तर हत्यारामुळे गुण जात नाहीत. कंगोरे कसे आहेत याने तिथे निकाल फिरत नाही.

कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचा .३२ रिव्हॉल्वर असो वा जुना वेब्ली, वर सांगितलेली मापे सगळ्यांना लागू आहेत. फक्त मोजणे आणि दुरुस्त करणे यांत फरक ठेवा. रिमर (भोक मोठे करणारे अवजार) फिरवणे, नळी बदलणे ही कामे शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागतात.

मध्यबिंदू

सर्वांचे मनापासून आभार. मापे घेतली ती अशी.

फट ६ थाऊ, सहाही चेंबरना सारखी. हालचाल १ थाऊ. टायमिंग आणि रेंज रॉड दोन्ही ठीक. थ्रोट: पाच चेंबरमध्ये .३५८०ची पिन जाते, क्रमांक ४मध्ये .३५६५च्या पुढे जात नाही. नळी .३५७०, चौकटीजवळ .३५६०. बाहेर पडणाऱ्या गोळ्या बहुतेक ४ क्रमांकाच्याच आहेत. ५० यार्डांवरही भोके गोल आहेत.

आता आधी थ्रोट की आधी नळी? आणि फोर्सिंग कोनही ११ अंशांचा करून घ्यावा का?

टूलरूम

आधी थ्रोट. क्रमांक ४ तुमची .३५८ची गोळी दीड थाऊ दाबून .३५६५ची करतो आणि मग ती .३५७०च्या नळीत सैल पडते. पोकळ बूड असल्याने ती थोडी परत फुगते, म्हणून नुकसान अडीच इंचांवर थांबले आहे. भरीव बुडाची गोळी असती तर गट आणखी फाटला असता. तो एकच थ्रोट पायलट (रिमर सरळ ठेवणारा पुढचा दांडा) असलेल्या रिमरने .३५८०पर्यंत न्यायचा. भरपूर कटिंग ऑइल, रिमर फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढायचा. उलटा फिरवला की धार तुटते आणि चुरा भिंतीत घुसतो. बाकीच्या पाचांना हात लावू नका. काढलेले धातू परत लावता येत नाही.

मग ३० गोळ्यांची तीच चाचणी पुन्हा करा, तेच काडतूस, तेच अंतर. पाच-पाच गोळ्यांचे गट एकेकटे पाहून निर्णय घेऊ नका. काहीही न बदलता पाच गोळ्यांच्या गटात चौथाई फरक नुसत्या योगायोगाने पडतो. सगळ्या ३० भोकांचा मध्य काढा आणि तिथपासून प्रत्येक भोकाचे अंतर मोजून सरासरी घ्या. तो आकडा पहिल्या चाचणीच्या आकड्याशी ताडून पाहा.

त्यानंतर चौकटीजवळचा १ थाऊ. शिशाचा साचा ओतून त्यावर बारीक लॅपिंग कंपाउंड (घासायचे मिश्रण) लावून हाताने तेवढाच भाग घासता येतो. ८-१० फेऱ्यांनंतर धुऊन पुन्हा शिशाची गोळी पार करून माप घ्यायचे. क्राउनजवळ हा लॅप (घासायचा साचा) जाऊ द्यायचा नाही, तिथे भोक मोठे झाले तर आहे तो नेमही जाईल. ११ अंशांचा कोन सगळ्यांत शेवटी, तोही आत्ताचा कोन खडबडीत किंवा वाकडा असेल तरच. कोन कापताना नळीचे मागचे तोंड काटकोनात करण्याचा मोह गनस्मिथला होतो, त्यात फट वाढते. ६ थाऊ आहे ती ८च्या वर जाऊ देऊ नका, हे काम देतानाच लिहून द्या.

खाचा_कंगोरे

५०वर भोके गोल आहेत म्हणजे पिळाचीही तक्रार नाही. नळी बदलण्याचे कारण उरले नाही. पॉलिगोनलचे पैसे पिन गेजचा संच, एक चांगला मायक्रोमीटर आणि काडतुसे यांत घाला. .३५५ ते .३६०चा, अर्ध्या-अर्ध्या थाऊच्या पायरीचा, उणे सहनमर्यादेचा संच घ्या, म्हणजे .३५८०ची पिन कधीही .३५८०हून जाड नसेल. पिन घालण्याआधी थ्रोट सॉल्व्हंटने पुसून घ्या. .३८ काडतुसांच्या काजळीची कडी .३५७च्या लांब चेंबरमध्ये थ्रोटच्या मागेच बसते आणि पिन तिथे अडली तर माप चुकते. क्रमांक ४ला रिमर लावण्याआधीही ही कडी काढून एकदा पुन्हा मोजा.